नरक्या ऊर्फ अमृता

आंबोलीच्या जंगलात पावसाळ्याच्या अखेरीस एका झाडाचं पान चुरगळून नाकाशी नेलं आणि पुढचा तासभर पस्तावलो. सोबतचा वाटाड्या गालातल्या गालात हसत होता. "आता हात धुवा बरे," तो म्हणाला, "नायतर दुपारच्या सोलकडीक पण ह्योच वास येतलो."

झाड दिसायला बेताचंच. फिकट रंगाच्या बारीक फुलांचे घोस, पुढे पिकून काळपट जांभळी होणारी फळं. वासावरून त्याला घाणेरा म्हणतात. नरक्याही म्हणतात. आणि ह्याच झाडाचं तिसरं नाव आहे अमृता! पानाला नरकाचा वास आणि नावात अमृत. शास्त्रज्ञांनीही बारसं नाक धरूनच केलं: जुनं नाव मॅपिया फीटिडा, आणि लॅटिनमध्ये फीटिडा म्हणजे दुर्गंधी सुटलेली. आजचं नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. ते जिभेला जड आहे, म्हणून आपण नरक्याच म्हणू.

ह्या नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यापासून बनणारं इरिनोटेकान हे औषध कॅन्सरच्या वॉर्डात रोज सलाइनमधून दिलं जातं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला तर देतातच, पण न्यूरोएंडोक्राइन नावाच्या चमत्कारिक गाठींपैकी आडदांड जातीच्या गाठींवरही देतात. मालवणचा पेशंट त्यासाठी गोव्यात बांबोळीला जातो, नाहीतर मुंबईला टाटात. झाड मात्र त्याच्या घरापासून फार लांब नसतं, घाट चढला की भेटतं.

इरफानने शिकवलेला शब्द

न्यूरोएंडोक्राइन हा शब्द आपल्याकडे बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो मार्च २०१८ मध्ये, अभिनेता इरफान खानने स्वतःचं दुखणं जाहीर केलं तेव्हा. 'न्यूरो' ऐकून लोकांनी मेंदूचा आजार धरला, आणि न्यूरो म्हणजे दरवेळी मेंदू नव्हे हे त्यालाच सांगावं लागलं.

ह्या पेशी अर्ध्या मज्जातंतूसारख्या, अर्ध्या ग्रंथीसारख्या. निरोप आला की रक्तात संप्रेरक सोडायचं, हे त्यांचं काम. आतडं, स्वादुपिंड, फुप्फुस, जागा मिळेल तिथे त्या विखुरलेल्या असतात. मूड चांगला ठेवतं म्हणून ज्या सेरोटोनिनची ख्याती, त्यातलं सुमारे ९० टक्के डोक्यात नाही, पोटात बनतं! 'पोट खूश तर माणूस खूश' हे मालवणी खानावळीच्या मालकाला आधीपासून ठाऊक होतं, विज्ञानाने नंतर शिक्का मारला. पण ह्याच पेशींची गाठ झाली आणि ती सेरोटोनिन ओतत सुटली, की चेहरा लालबुंद होतो आणि पोट धावायला लागतं.

हे सेरोटोनिन मोजायचं तर चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये साठवायची आणि त्यात त्याचा उरलेला अंश तपासायचा. आता कोकणी माणसाला बसणारा फटका: तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद! ह्या फळांत मुळातच सेरोटोनिन असतं. संध्याकाळी चार केळी हाणून तपासणीला गेलात, तर रिपोर्टमध्ये गाठ नसतानाही आकडा फुगलेला दिसू शकतो.

कॅन्सरसारखं काहीतरी

१९०७ मध्ये म्युनिकच्या झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर ह्यांनी लहान आतड्यातल्या ह्या गाठींना 'कार्सिनॉइड' म्हटलं. म्हणजे कॅन्सरसारखं, पण कॅन्सर नव्हे. त्यांना त्या गाठी गरीब वाटल्या. १९२९ मध्ये त्यांनीच कबूल केलं की ह्यातल्या काही चांगल्याच खतरनाक निघतात. स्वतःची चूक स्वतः छापणारा माणूस मला आवडतो.

गरीब कोण आणि आडदांड कोण, हे ठरवायला आज की-६७ नावाचा आकडा बघतात. शंभरातल्या किती पेशी विभागणीच्या कामाला लागल्या आहेत, ते तो सांगतो. ३ टक्क्यांच्या खाली असेल तर गाठ संथ, २० च्या वर गेली तर पळणारी. नावाची गंमत बघा. 'की' म्हणजे जर्मनीतलं कील शहर, आणि ६७ हा प्रयोगशाळेच्या ९६ खळग्यांच्या ताटलीतला खळग्याचा नंबर. सदुसष्टाव्या खळग्यात काम फत्ते झालं, तोच नंबर आज जगभरच्या बायॉप्सी रिपोर्टांवर येऊन बसलाय.

झाडांची औषधं लागू पडतात ती मुख्यतः पळणाऱ्या गाठींना. संथ गाठींसाठी शस्त्रक्रिया, संप्रेरकाची इंजेक्शनं, किंवा किरणोत्सारी ल्युटेशियम असे वेगळे मार्ग आहेत. असं का, ते कळायला थोडं किनाऱ्यावर यावं लागेल.

रापणीचा दोर

रापणीचं जाळं ओढताना कधी दोर बघितलाय? भिजलेला दोर ओढत नेला की त्याला पीळ चढत जातो. चढता चढता एका जागी असा गुंता होतो की पुढे सरकतच नाही. मग कुणीतरी अनुभवी माणूस बसतो, पीळ उलटा फिरवतो, आणि दोर पुन्हा सैल पडतो.

पेशीतला डीएनए म्हणजे असाच दोन पेडांचा दोर. पेशी दोन व्हायची तर आधी हे पेड उलगडून त्यांची नक्कल काढावी लागते, आणि उलगडताना पुढच्या भागात पीळ चढत जातो. तो उतरवायला पेशीत टोपोआयसोमरेज-१ नावाचं एन्झाइम असतं. ते दोनपैकी एक पेड कापतं, पीळ सोडवतं आणि पेड पुन्हा जोडून टाकतं. नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन बरोबर ह्या क्षणी येऊन मध्ये बसतं. पेड कापलेला असतो, जोडायचा राहिलेला असतो, आणि एन्झाइम तिथेच अडकतं. तेवढ्यात नक्कल काढणारी यंत्रणा भरधाव येऊन त्याच्यावर आदळते. दोर तुटतो, पेशी मरते.

म्हणून जी पेशी सतत नक्कल काढत असते तीच जास्त मरते. जी निवांत बसलीये, तिला फारसा धक्का लागत नाही. केमोथेरपीत केस आणि तोंडाची साल जाते तीही ह्याच हिशेबाने, कारण त्या पेशीही घाईतल्याच.

आता खरा प्रश्न: झाडाच्या स्वतःच्या पेशीत हे विष खच्चून भरलेलं, मग झाड मरत कसं नाही? हे द्रव्य बनवणाऱ्या एका चिनी झाडाचा आणि ऑफिओरायझा जातीच्या झुडपांचा २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तपास केला. ह्या झाडांनी आपल्या टोपोआयसोमरेजमधला ७२२ व्या जागेचा एकच मणी, म्हणजे एकच अमिनो आम्ल, बदलून घेतलेला. विषाला बसायला जागाच राहिली नाही. आणि औषधाला न जुमानणाऱ्या माणसाच्या कॅन्सरपेशींत नेमका तोच मणी, त्याच जागी, तसाच बदललेला सापडला होता! झाडाला सुचलेली युक्ती कॅन्सरलाही सुचली.

नंदुरबारचे वाणी

कॅम्प्टोथेसिन शोधलं कुणी? अमेरिकेतल्या मनरो वॉल ह्यांनी आणि आपल्या मनसुख वाणी ह्यांनी. वाणींचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. तेव्हा तो भाग पश्चिम खानदेशात होता. मुंबईत शिकले, काही वर्षं भवन्स कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, मग इंडियाना विद्यापीठात पीएचडी करून १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले.

गोष्टीची सुरुवात मात्र कॅन्सरने झालीच नाही. वॉल आधी अमेरिकन कृषिखात्यात होते आणि कॉर्टिसोन बनवायला कच्चा माल मिळेल अशा वनस्पती धुंडाळत होते. गोळा झालेले हजारएक अर्क त्यांनी कॅन्सर संशोधकांकडे पाठवले, आणि त्यात मघाच्याच चिनी झाडाचा अर्क उजेडात आला. त्या झाडाला चिनीत शी-शू म्हणतात, म्हणजे आनंदवृक्ष. तिकडे आनंद, इकडे नरक, द्रव्य एकच. १९६६ मध्ये वॉल-वाणी जोडीने त्याची रचना प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, ह्याच दोघांनी टॅक्सॉलची रचना मांडली. एका माणसाच्या नावावर कॅन्सरच्या औषधांची दोन घराणी! खानदेशात ह्या माणसाच्या नावाचा किमान एखादा चौक असायला हवा, असं माझं मत.

वाणी ११ एप्रिल २०२० ला गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. इरफान खान गेला त्याच महिन्याच्या २९ तारखेला. लॉकडाऊनच्या त्या एप्रिलमध्ये एकाची बातमी घरोघर पोचली, दुसऱ्याची जवळजवळ कुणाच्या कानावरही आली नाही.

ताकवाल्यांचं औषध आणि महादेवाचं फूल

पहिला डाव फसला होता. १९७० च्या सुमारास हे द्रव्य पाण्यात विरघळावं म्हणून त्याचं सोडियम मीठ करून रुग्णांना दिलं, तर गाठींपेक्षा मूत्राशयाचेच हाल झाले. लघवीतून रक्त जायला लागलं. १९७२ च्या सुमारास प्रयोग गुंडाळले. पुढे बरीच वर्षं ह्या रेणूकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. १९८५ मध्ये तो टोपोआयसोमरेजला पकडतो हे कळलं आणि मग पुन्हा धावपळ सुरू झाली.

त्याआधीच, १९८३ मध्ये, जपानमध्ये इरिनोटेकान तयार झालं होतं. कुणी केलं असेल? याकुल्ट! हो, तीच ती छोटीशी बाटली, पोटातल्या चांगल्या जंतूंसाठी प्यायची. औषधाला जपानमध्ये १९९४ मध्ये आणि अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली.

आता त्यातली मेख. यकृत इरिनोटेकानचा जहाल अंश साखरेची गाठ मारून निकामी करतं आणि आतड्यात सोडून देतं. तिथले जंतू ती गाठ सोडवतात, जहाल अंश पुन्हा मोकळा होतो, आणि पेशंटला काही दिवसांनी जोराचे जुलाब लागतात. जंतू विकणाऱ्या कंपनीच्या औषधाला जंतूंनीच दगा द्यावा, ह्याला काय म्हणावं!

दुसऱ्या जातीचे जुलाब सलाइन चालू असतानाच लागतात. पोटात मुरडा, घाम, तोंडाला पाणी. त्यावर डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात. अ‍ॅट्रोपिन मूळचं बेलाडोना कुळातलं, आणि आपल्या धोतऱ्यातही ते असतं. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत पिंडीवर वाहतात तोच धोतरा. एका विषारी झाडाने उठवलेला मुरडा दुसरं विषारी झाड बसवतं. (घरी प्रयोग नकोत. धोतऱ्याच्या बियांनी माणूस भ्रमिष्ट होतो, आणि मरतोही.)

दोन झाडांची कुस्ती

पळणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन कॅन्सरवर जुना पैलवान एटोपोसाइड. हाही झाडाचाच पोर: पोडोफायलम नावाच्या रोपट्याच्या मुळांतल्या द्रव्यावरून स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीने १९६६ मध्ये घडवलेला. पोडोफायलमची एक जात हिमालयात होते. एटोपोसाइड टोपोआयसोमरेज-२ ला धरतं, म्हणजे दोराचे दोन्ही पेड कापणाऱ्या कारागिराला.

पहिली लढत फुप्फुसातल्या स्मॉल सेल कॅन्सरवर झाली, तोही न्यूरोएंडोक्राइनच. जपानमध्ये १५४ रुग्ण होते. सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाच्या जोडीला एटोपोसाइड घेणारे मध्यकाने ९.४ महिने जगले, इरिनोटेकान घेणारे १२.८ महिने. २००२ साली निकाल छापून आला आणि आखाड्यात एकच जल्लोष. मग अमेरिकेत सहाशेहून जास्त रुग्णांवर तीच लढत लावली, तर दोघे बरोबरीत सुटले! माणसामाणसाची जनुकं औषध पचवायला वेगवेगळी असतात, हे त्यामागचं एक कारण समजलं जातं.

दुसरी लढत पुन्हा जपानमध्ये, ह्या वेळी पचनमार्गातल्या न्यूरोएंडोक्राइन कॅन्सरवर. रुग्ण १७०, निकाल २०२२ मध्ये. एटोपोसाइड १२.५ महिने, इरिनोटेकान १०.९ महिने. संख्याशास्त्राच्या पंचांनी हा फरक धरला नाही. पांढऱ्या पेशी कोसळण्याचा त्रास मात्र एटोपोसाइडच्या बाजूला जास्त होता. म्हणजे कुस्ती निकाली झालीच नाही. महिन्यांचे हे आकडे लिहिताना हात जरा थांबतो, कारण एवढं झगडूनही मिळतं ते साधारण एक वर्ष.

गोरेगावात लागलेला सुगावा

चिनी झाड अमेरिकेत गाजत असताना आपल्या नरक्याला कुणी विचारत नव्हतं. १९७२ मध्ये मुंबईच्या गोरेगावातल्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन ह्यांनी त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. आणि थोडंथोडकं नाही: सुक्या वजनाच्या सुमारे ०.३ टक्के, चिनी झाडापेक्षा कितीतरी पट. म्हणजे किलोभर लाकडात ३ ग्रॅम. ऐकायला चिमूटभर वाटतं, पण झाडांतल्या औषधांच्या हिशेबात ही सावकारी आहे.

ही सावकारीच झाडाच्या मुळावर आली. औषधाला परवानग्या मिळाल्या तशी घाटमाथ्यावर कुऱ्हाड फिरली. द्रव्य लाकडात आणि मुळांत, म्हणून पानं-फळं तोडून भागत नाही, बुंधाच लागतो, आणि मुळंही उपटतात. लाकडाच्या ढलप्या, पोती, रात्रीचा टेम्पो. अंगणातल्या चंदनाला निदान मालक असतो. जंगलातल्या घाणेऱ्या झाडाच्या बाजूने भांडायला कोण जाणार?

नावातला 'निम्मो' कोण, तेही सांगतो. जॉन ग्रॅहम नावाचे साहेब मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी छापत होते. १८३९ मध्ये छपाई अर्धवट असतानाच ते वारले. ती यादी पुरी केली जोसेफ निम्मो ह्यांनी. त्या यादीत ग्रॅहमनी ह्या झाडाला मित्राचं नाव दिलं होतं, पण झाड भलत्याच वंशात नोंदवलं. पुढे वंश दोनदा-तीनदा बदलला, निम्मो मात्र चिकटून राहिले. इतक्या घाण वासाच्या झाडाला आपलं नाव मिळाल्याचं निम्मोसाहेबांना कसं वाटलं असेल?

विसरभोळी बुरशी

झाड न तोडता औषध मिळवायचं तर? २००५ मध्ये जम्मूतल्या संशोधकांनी पश्चिम किनारपट्टीवरच्या नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी काढली. बाटलीत वाढवली तर तीही थोडं कॅम्प्टोथेसिन बनवत होती! मोठीच बातमी. मग चिनी झाडातही तशीच एक बुरशी मिळाली, पण बाटलीतून बाटलीत, पिढी दर पिढी नेली तसं तिचं उत्पादन घसरत गेलं. पुन्हा झाडात नेऊन सोडली, तिथे ती सुखाने राहिली, पण गेलेलं कसब काही परत आलं नाही.

एटोपोसाइडवाल्यांचं नशीब बरं. २०१५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ सॅटली ह्यांच्या प्रयोगशाळेने पोडोफायलमची सगळी कृती तंबाखूच्या एका भाईबंदाला शिकवली, आणि त्याच्या पानांत औषधाचा गाभा तयार झाला. तंबाखूच्या कुळाने कॅन्सरविरुद्ध काम करावं! प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

आता घाट उतरूया

मालवणला मामाच्या घरी चिऱ्याच्या गडग्याला लागून सदाफुलीची चार झाडं आहेत. गुलाबी तीन, पांढरं एक. खाऱ्या वाऱ्यात, भाजणाऱ्या मे महिन्यात, कुणी पाणी घालो न घालो, फुलं आहेतच. मूळची मादागास्करची ही बाई कोकणात इतकी रुळली की तिला परदेशी म्हटलं तर लोक भांडायला उठतील.

हिच्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन निघतात. पेशी दोन होताना गुणसूत्रं ओढून नेणारे जे धागे असतात, ते ही औषधं बनूच देत नाहीत. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची न्यूरोएंडोक्राइन गाठ होते, रक्तदाब आभाळाला नेऊन भिडवणारी. ती पसरली तर वापरायच्या औषधांच्या एका जुन्या तिकडीत व्हिन्क्रिस्टिन असतं.

शोधाची कथा मात्र साखरेची. जमैकात मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा चहा पीत. तिथून २५ पानं एका पाकिटात कॅनडाला गेली, आणि रॉबर्ट नोबल ह्यांच्या हाती पडली. त्यांनी आणि चार्ल्स बीअर ह्यांनी उंदरांना अर्क दिला. साखर हलली नाही, पण टोचून दिला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी सफाचट झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी मारणारं द्रव्य म्हटल्यावर दोघांना रक्ताचा कॅन्सर आठवला. १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती आलं.

आमचा मामाही साखरेवर म्हणून रोज सकाळी सदाफुलीची पानं चावतो. कुणी सांगितलं विचारलं तर "सगळेच खातत" हे उत्तर. मी त्याला उंदरांची कथा सांगितली. वर हिशेबही सांगितला: एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो सुकी पानं लागतात, व्हिन्क्रिस्टिनला त्याहूनही जास्त. आणि मोठ्या माणसालाही एका वेळी व्हिन्क्रिस्टिन सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, इतकं ते जहाल. मामाने ऐकून घेतलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

मामी ओट्यावर सुरणाच्या फोडी करत होती. तिने गडग्याकडे बघितलं. शेजाऱ्यांची बकरी नेहमीप्रमाणे आत घुसली होती. जास्वंद अर्धी संपवली होती, कढीपत्त्याचे शेंडे खाल्ले होते, सदाफुली मात्र जशीच्या तशी.

"बघ रे," मामी म्हणाली, "ज्येका बकरी तोंड लावणा नाय, ता ह्ये सकाळी उठान चावतत."